उत्कर्षाच्या फॉर्मवरची सही

९ नोव्हेंबर, रविवार

नात चौदाची. एकटी कशी पाठवू? म्हणून उत्कर्षाबरोबर विट्याला मीही गेलो आणि वर्गात मागच्या बाकावर बसलो. पंखा डोक्यावर खडखडत होता. पडेल म्हणून दोनदा जागा बदलली.

दर रविवारी शाळेच्या पोरांसाठी उपग्रहाचा वर्ग असतो. शिकवणाऱ्या प्रांजल मॅडम इस्लामपूरच्या, इंजिनिअर, वय तिशीच्या आतच. म्हणाल्या, अंतराळात एक माणूस जातो, पण त्याच्यासाठी खाली हजारो राबतात. कोणी वायरी जोडतं, कोणी उष्णतेचा हिशेब करतं, कोणी नुसते स्क्रू तपासतं. हे मला पटलं.

मग उपग्रहाचा नमुना दाखवला. झळझळीत सोनेरी. पोरं म्हणाली, सोनं, सोनं. मी मागून बोललो, "सोनं न्हाई ते." चाळीस वर्षं मदुराईत सोनं गाळून शुद्ध केलं, मला कोण फसवणार? मॅडम हसल्या. "बरोबर, आजोबा. प्लॅस्टिकचा पातळ पडदा आहे, मागून अॅल्युमिनियम. ऊन थोपवायला."

उत्कर्षा लाजली. लाजू दे.

११ नोव्हेंबर

टपरीवर जोतीराम भेटला. तोही माझ्यासारखा सोनं गाळणारा गलाईवालाच, हैदराबादला होता. "काय नानासो, नात चंद्रावर गलाईचं दुकान टाकनार म्हनं?" सगळे हसले. मी म्हणालो, "टाकील की. तुला भट्टी फुकायला ठिवील."

चहा अर्धा सोडून आलो. नंतर दिवसभर वाटत राहिलं — जास्त बोललो का?

१६ नोव्हेंबर, रविवार

एसटी अर्धा तास उशिरा. चौकशीच्या खिडकीवर तीनदा जाऊन आलो. पोचलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

पत्र्याच्या डब्यात छोटा उपग्रह बसवायचा होता. बॅटरी, तापमान मोजणारा तुकडा, रेडिओ. दुसऱ्यांचे आकडे लॅपटॉपवर आले, उत्कर्षाचा येईना. ती रडवेली झाली.

चष्मा लावून मी तारांचे जोड पाहिले. एका जोडाला तकाकीच नव्हती. म्हणालो, "बाळ, खालचा धातू तापलाच न्हाई. तू वरचं सोल्डर तेवढं वितळवलंस. आधी धातू तापव, सोल्डर आपोआप धरंल." मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच करून दाखवा." पण डबा तिचा होता. उत्कर्षाला म्हणालो, तूच कर. तिनं केलं. आकडा आला — एकतीस पूर्णांक दोन.

मग बाकीची पोरं डबे घेऊन माझ्याभोवती. सगळ्यांचे जोड तपासले. सात जणांचे नापास केले. मी सातवीतून शाळा सोडलेला, आणि मी नापास करतोय!

२६ नोव्हेंबर

उत्कर्षा निवडली गेली. वर्गातून फक्त चार पोरं. बंगळुरूला आठ दिवसांचं शिबिर, खरे उपग्रह कसे बांधतात ते दाखवणार.

मदुराईला जयराजला फोन केला. माझा मुलगा, दुकान आता तोच बघतो. म्हणाला, "नाना, खूळ लावू नका तिला. तीन-चार वर्षांत लगीन बघायचं. शिकलेल्या पोरीला शिकलेला पावना लागतो, तो कुठनं आनू?" मी म्हणालो, ती जाणार. तो म्हणाला, "बाप मी हाय." मी म्हणालो, "आन् तुजा बाप मी."

फोन ठेवल्यावर बीपीची गोळी घेतली. संयोगिता — जयराजची बायको — पाणी घेऊन उभी होती. तिला म्हणालो, तू काळजी करू नको, मी आहे.

२७ नोव्हेंबर

झोप लागत नाही. बंगळुरूला थंडी किती असेल? जेवण कसलं? पोरीला सांबार सोसत नाही.

पण पाठवणार. मी सातवीत असताना मास्तर घरी आले होते. म्हणाले, पोरगं हुशार आहे, शाळा मोडू नका. वडील म्हणाले, मग तर भट्टीवर हुशारच पायजे. चौथ्या दिवशी मी रेल्वेत. कोणी एक शब्द बोललं नाही. आता या घरात बोलणारं कोणीतरी आहे. जयराज रागावू दे, भावकी हसू दे.

२८ नोव्हेंबर

शिबिराच्या फॉर्मवर पालक म्हणून सही केली. पूर्ण नाव लिहिलं, जाड अक्षरात. शाळेत घेऊन गेलो तर क्लार्कनं परत दिला. "आजोबांची चालत नाही. आई किंवा वडील."

म्हणजे जयराजच. दुसरा कोरा फॉर्म आणला. शेवटची तारीख पाच डिसेंबर. स्वतः मदुराईला जातो. दोन रात्रींचा प्रवास, दम लागतो, असू दे. दुकानाच्या पायरीवर बसतो, सही देईपर्यंत उठत नाही. गिऱ्हाइकांसमोर बघू कसा नाही म्हणतो.

२९ नोव्हेंबर

पिशवी भरली. गोळ्या, शाल, मफलर. उत्कर्षा म्हणाली, "नाना, ऱ्हाऊ द्या, तुमाला काय झालं तर?" तिला गप्प बसवलं. घरात सगळ्यांना सांगून टाकलं, मला कोणी अडवायचं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

निघताना संयोगितानं फॉर्म हातात दिला. भरलेला. खाली तिची सही.

पालकाचं शिक्षण, या रकान्यात लिहिलंय — बारावी सायन्स, त्र्याहत्तर टक्के. सोळा वर्षं ती या घरात आहे. मला माहीत नव्हतं. म्हणालो, एवढे मार्क होते तर पुढं का नाही शिकलीस?

ती म्हणाली, "आवं मामंजी, लग्नानंतर इचारलं हुतं की तुमास्नी. इस्लामपूरला डिप्लोमा करते म्हनलं. तुमी म्हनाला, भाकरी थापाय कसला डिप्लोमा लागतोय."

मला आठवत नाही. तिला वारसुद्धा आठवतो. गुरुवार होता.