चार बोटं उत्तरेला

४ ऑगस्ट, सोमवार
गच्चीची गळती अखेर थांबली! अँटेनाच्या खांबाचे बोल्ट जिथे गच्चीत शिरतात तिथूनच पाणी झिरपत होतं — थेट खाली बॅटऱ्यांच्या डोक्यावर. तीन अर्ज केले, उत्तर नाही. आज स्वतःच खांब उतरवला, जुनी भोकं डांबराने बुजवली, चार बोटं उत्तरेला नवी पाडली आणि खांब पुन्हा उभा केला. ओळंबा लावून पाहिला, अगदी सरळ. साहेबांना सांगितलं नाही. एवढ्याशा कामाचा गाजावाजा कशाला!

५ ऑगस्ट
घात झाला.
पाच देशांनी मिळून चालवायची ही सेवा. उपग्रह विमानाला ‘तू इथे आहेस’ असं सांगतात, पण त्यात थोडी चूक असते. प्रत्येक देशात आमच्यासारखं एक ठाणं. स्वतःची जागा केसभरही न चुकता माहीत असलेली ही ठाणी ती चूक पकडतात आणि केंद्र विमानांना दुरुस्ती कळवतं. म्हणजे माझ्या खांबाचं काम एकच — आहे तिथे असणं.
उद्घाटन वीस तारखेला. त्याआधी ठाण्यांची जोडीजोडीने तपासणी चालली आहे, आज आमची आणि शेजारच्या देशाची होती. केंद्रावरच्या बाईंचा फोन आला. तुमचं दोघांचं जमत नाही म्हणाल्या, कोणीतरी सरकलंय. ‘बघतो,’ म्हणालो. फोन ठेवला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. वीस वर्षांची नोकरी, आणि मी खांब हलवला!

७ ऑगस्ट
पडद्यावर पाच देशांची बैठक. पहिला तास कोणाच्या देशाचं नाव आधी लिहायचं यात गेला. मग कोण सरकलं यावर वाद. आमचे साहेब म्हणाले, “आमचं ठाणं जागचं हलत नाही.” पलीकडचे साहेबही तेच म्हणाले, तितक्याच जोरात.
त्यांच्या मागे त्यांचा तंत्रज्ञ बसला होता. पांढऱ्या मिशांचा, पेन्शनला चार महिने उरलेला. तो खाली बघत होता. मीही.

९ ऑगस्ट
साहेबांनी पाठ थोपटली. तुमच्यासारखा सरळ माणूस आहे म्हणून मी निर्धास्त, म्हणाले. दिवसभर ती पाठ जड वाटत होती.

१० ऑगस्ट
देवापुढे बसलो. मान वर करवेना.

१२ ऑगस्ट
प्रशिक्षणाला आलेल्यांना आज नेहमीचा धडा दिला. सेवेत बिघाड झाला तर सहा सेकंदांत वैमानिकाला कळलं पाहिजे — ‘माझ्यावर विसंबू नका.’ चुकणं एक वेळ चालेल, चूक लपवणं चालणार नाही, असं मी खडूने फळ्यावर लिहिलं. माझंच अक्षर, माझाच हात. माझे सहा सेकंद कधीच संपलेत, आठ दिवस झाले.
घरी बायकोला सांगितलं. तिने भाजी चिरायची थांबवलीसुद्धा नाही. म्हणाली, “अहो, सासूबाई सांगतात, शाळेत पाटीवर चूक झाली की गुरुजी बघायच्या आत तुम्ही स्वतःच कान धरायचात. आता काय, कान लांब गेले?”
जेवण गेलं नाही. तिनेच माझ्या ताटातली पोळी उचलून खाल्ली.

१३ ऑगस्ट
पलीकडच्या त्या पांढऱ्या मिशांना नोटीस निघाली. आठवड्यात खुलासा द्या, नाहीतर पेन्शन अडकेल. त्यांचा काय दोष?
दुपारी साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. साहेबांनी वर छताकडे, गच्चीच्या दिशेने पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, “गळती तरी थांबली का?”
थांबली म्हणालो.
“मग बसा. पत्र लिहा. पाचही देशांना पाठवा. माझं नाव त्यात नको.”
लिहिलं. ‘खांब मी हलवला. कारण पाणी. दोष माझा. शेजारच्या ठाण्याचा नाही.’ एवढंच. रात्री शांत झोपेन असं वाटतंय. नोकरीचं उद्या बघू.

१५ ऑगस्ट
निलंबनाचं पत्र आलं नाही. बाईंचा फोनही नाही. कोणत्याच देशातून कोणाचंच काही नाही! बायको म्हणते, सगळे मिळून शिक्षा ठरवत असतील.

१८ ऑगस्ट
आज चारही देशांतून उत्तरं आली. सगळ्यांत आधी मिशांचं: पाण्याच्या टाकीला जागा हवी होती म्हणून त्यांनी खांब दोन वर्षांपूर्वीच हलवला. दुसऱ्या ठाण्यावरच्या मॅडमनी रंगकामासाठी. तिसऱ्याने जिन्याचं दार पूर्ण उघडेना म्हणून. चौथ्याला कारण आठवत नाही, पण हलवलाय हे नक्की.
उद्घाटन पुढे ढकललं. पाच देशांचं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ.
मी नेमका कोणाच्या मानाने सरकलो होतो, ते आता केंद्रालाही सांगता येत नाही.