जनीच्या अंगावर उठलं त्याची हकिकत

नाटे,
जानेवारी १९८६

जनीच्या बाबांस,

जनीच्या आईचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (पाय लोट्याच्या कारखान्यात असल्यामुळे डोकं पोस्टाने पाठवते आहे). तुमची प्रकृती कशी आहे? रात्रपाळी करून दिवसा झोप लागते का? खोकला वाढला असेल तर आईंनी आवळ्याचा मुरंबा केला आहे, पण तो न्यायला माणसाला स्वतः यावं लागतं. इकडे सगळी खुशाल आहेत. मुंबईची माणसं गणपतीला येऊन गेली, बोटीवरचा लवूसुद्धा सात समुद्र ओलांडून आला. तुम्ही तेवढे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात असून ओव्हरटाइमला अडकलात. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. म्हणायलाही माणूस समोर लागतो.

तर जनीचं सांगते. घाबरू नका, आता बरी आहे. मागच्या आठवड्यात तिने कोळंबीचं सार दोन वाट्या ओरपलं आणि थोड्या वेळात अंगभर गांधी उठल्या. (कोळंबी तुमच्या आवडीची म्हणून मी अजून घेते. तुम्ही नसलात तरी हात तिकडेच जातो, त्याला काय करू?) डॉक्टरांनी गोड पातळ औषध दिलं आणि म्हणाले, याने गुंगी येईल, पोर झोपली तर घाबरू नका. झोपली नाही तर काय करायचं, हे मात्र सांगायचं राहिलं. दुपारी जेवण झाल्यावर औषध पाजून तिला गोधडीवर घातली. गुंगीची वाट बघता बघता आईंना गुंगी आली, मांजराला आली, मलाही आली. जनी टक्क जागी! डोळे उघडून बघते तर पोर कणगीवर चढून बसलेली, हातात पळी, तोंडाचा पट्टा चालू, आणि एकेका कोंबडीला नाव ठेवून हजेरी घेते आहे. खाली उतरवली तर अंगणात धावली. डोळे असे लकाकत होते की मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात शेजारच्या गोदूबाई चौकशीला आल्या. त्यांच्या कानांचं तुम्हाला ठाऊकच आहे. आई म्हणाल्या, पोरीच्या अंगावर उठलंय. गोदूबाईंनी ऐकलं, पोरीच्या अंगात आलंय. अंगावर आणि अंगात यांत अंतर ते कितीसं, पण तेवढ्यावर सगळी वाडी नारळ घेऊन अंगणात हजर झाली. हे औषधाने झालंय म्हणून मी बाटली आणून दाखवली, तर दादूने बाटलीलाच कुंकू लावलं. त्याची शेळी सकाळपासून सापडत नव्हती. जनी म्हणाली, फणसाखाली. शेळी फणसाखालीच निघाली (ती दुसरीकडे जाते कधी?). मग काय विचारता! धाकूने मुलीचं लग्न कधी जमेल म्हणून विचारलं, त्याला चतुर्थीचा वायदा मिळाला. जनीला मोदक दिसत असणार. एवढ्यात कुणीतरी मागून तुमच्या येण्याचं विचारलं, आणि जनी सगळ्यांदेखत म्हणाली, शिमग्याला येनार.

झालं. देवीच बोलली म्हटल्यावर वाडीने तुमचं येणं पक्कं धरलं आहे. पालखीला खांदा द्यायला तुमची जागा राखून ठेवली आहे. आईंनी तुमचं अंथरूण उन्हात घातलं, ते रोज घालतात आणि रोज घडी करतात. मला ते बघवत नाही. तेव्हा पाळी बदलून मिळते का बघा. साहेबाला देवीचं सांगू नका, आईच्या गुडघ्याचं सांगा. घरच्या वडील माणसांचे आशीर्वाद, जनीचा पापा, आणि माझं उरलेलं तोंडी.

जनीची आई

ता. क. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले होते. ते म्हणाले, काही लहान मुलांना हे औषध असं उलटं लागतं, झोप यायची ती उडूनच जाते आणि पोर नाचतं, बडबडतं. औषध बंद केलं, कोळंबीही. गांधी गेल्या, जनी छान झोपते. वाडीला मात्र मी हे परत सांगायला गेले नाही. ती सगळी बडबड औषधाची ठरली, तर तुमचं येणंही त्यातच जाईल.

आणखी ता. क. मागून विचारणारी मीच होते. औषधाचं आहे हे ठाऊक असूनही विचारलं. पदर पुढे ओढून, आवाज म्हाताऱ्या बाईसारखा करून विचारलं, म्हणून लोकांना वाटलं गोदूबाईच. जनीने मात्र ओळखलं. ती नुसतं शिमग्याला येनार म्हणाली नाही. म्हणाली, “आये, रडू नको गो. बाबा शिमग्याला येनार.” देवीने आपल्याला आये म्हटलं म्हणून गोदूबाई अजून मिरवत आहेत. औषध तर केव्हाच उतरलं. पण जनी रोज उठल्या उठल्या मला विचारते, “आये, आज शिमगा काय गो?”