तीन नंबरच्या टबाचा गुण

३ मार्च
आले एकदाची! घाटात बस दोनदा तापली, आणि ती थंड होईपर्यंत शेजारच्या बाईंनी मला कुरुताच्या, म्हणजे वाळवलेल्या खारट दह्याच्या, इतक्या गोळ्या चारल्या की जीभ अजून खारट आहे. गरम झऱ्याचं हे आरोग्यधाम फोटोत दिसतं त्याहून बरंच म्हातारं निघालं. पण खोली झकास मिळाली. एका भिंतीवर विजेचा मुख्य बोर्ड, दुसरीकडे नुसती फळी, आणि फळीपलीकडे न्हाणघरातला तीन नंबरचा टब. डुंबणाऱ्या बायकांच्या गप्पा मला आयत्या ऐकायला मिळतात.

काम सरळ आहे. सगळं वायरिंग नव्या नियमांप्रमाणे करायचं, आणि २० तारखेला राजधानीतून, बिश्केकहून, तपासनीस आले की पूर्ततेच्या कागदावर सही करायची. इथली पहिली बाई इंजिनिअर मीच. आईने म्हणे तिकडे आमच्या तलासमध्ये सात घरी सांगूनही टाकलं.

५ मार्च
तोकोन आके, म्हणजे तोकोनदादा, इथले वायरमन. सत्तरी ओलांडलेली, आणि कोटाच्या खिशात जुन्या राजवटीतलं तपकिरी नियमपुस्तक. त्या पुस्तकाप्रमाणे इथे दोनच तारा आहेत: वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल. अर्थिंगची वेगळी तार नाहीच. गीझरचं, टबाचं लोखंड थेट न्यूट्रलला बांधलेलं! मी म्हटलं, आके, ही न्यूट्रल बोर्डापाशी तुटली तर सगळ्या लोखंडात वीज उतरेल, टबात बसलेल्या माणसाचं काय? ते म्हणाले की पोरी, न्यूट्रल सांगून जाते, आधी दिवे मिचमिचतात, मग पांढरे फटक पडतात, आणि बेचाळीस वर्षांत एक कोंबडीसुद्धा मेली नाही इथे. तू तुझं पुस्तक वाच, मी माझं वाचतो, झऱ्याला दोन्ही वाचता येत नाहीत. मला हसू आलं. माणूस गोड आहे.

८ मार्च
आज महिला दिन. संचालिका बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, यांनी सगळ्याजणींना ट्यूलिप दिले. मी मात्र दिवसभर न्हाणघरात पालथी. अर्थिंगची तिसरी तार टाकली, आणि करंट गळला की क्षणात वीज तोडणारा नवा ब्रेकर बसवला. तीन नंबरवर तो टिकेचना, सारखा पडायचा. शेवटी टब आणि न्यूट्रलमधला जुना जोड कापला, तेव्हा शांत झाला. स्वतःचाच इतका अभिमान वाटला की एक ट्यूलिप मी बोर्डावर खोचला.

१० मार्च
न्हाणघरात बंड! तीन नंबरमध्ये रोज डुंबणाऱ्या शारीपा आपा ओल्या पायांनी थेट माझ्या दारात, मागे बाकीच्या बायका. म्हणाल्या की अगं मिस्काल, पाणी मेलं की! काय घातलंस त्यात? मग उलगडा झाला. तीन नंबरचं पाणी चिमटे काढतं, आणि तोच त्याचा गुण, अशी यांची श्रद्धा. त्या चिमट्यांसाठी पार लांब नारीनहून बायका येतात, सहा-सहा महिने आधी नाव लावतात. मी सांगितलं, आपा, तो गुण नाही, गळका करंट आहे. सगळ्या खो खो हसल्या. म्हणाल्या, मग तोच दे बाई, डॉक्टरांनी तेवढंही दिलं नाही!

दुपारी अकराजणी सामान बांधून गेल्या. संध्याकाळी बुरुल एजेंनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या की अर्ध्या गावाची चूल या टबावर पेटते, तू समजूतदार मुलगी आहेस. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ मार्च
आकेंनी जोड परत लावला. वीतभर तार. नव्या ब्रेकरला वळसा घातला, अर्थिंगची तार टबापासून सोडवली. टबाची लादी पुन्हा बसवली, बाहेरून काही दिसत नाही.
मी नुसती बघत नव्हते. मी बॅटरी धरली होती.

१६ मार्च
चिमटे वाढलेत. पाण्यात हात घातला तर कोपरापर्यंत मुंग्या आल्या. बायका खूश. शारीपा आपांनी माझा मुका घेतला.
बोर्डावर न्यूट्रलचा बोल्ट गरम लागतो. आटे झिजलेत, आवळता येत नाही, बदलायला सगळी वीज बंद करावी लागेल. एजे म्हणाल्या, नव्या वर्षाच्या सणानंतर, नूरूझनंतर. जोड तोडायला मला दहा मिनिटं लागतील. पण मग विचारतील, का तोडलास – आणि आधी का लावलास –

१९ मार्च
आई आली. न सांगता, गुडघ्यांसाठी. फाटकावरच कोणीतरी सांगितलं, तुमच्या लेकीने पाणी जिवंत केलं. तिने सगळ्यांसमोर माझा हात कपाळाला लावला.


२० मार्च
तपासनीस आले. तिसरी तार पाहिली, ब्रेकर पाहिला, बटण दाबून पाहिलं. लादी कोणी उचलली नाही. चहा घेतला. मी सही केली. बाहेर आले तर आके माझ्याकडे पाहून मान हलवत होते, शाबासकी दिल्यासारखी. मला त्यांचं पुस्तक आठवलं. ते निदान जे वाचतात ते करतात.

२१ मार्च, सकाळ
नूरूझ. स्वयंपाकघरातल्या सगळ्या विजेच्या शेगड्या चालू. बोल्टाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालंय. वास येतो. आके पाहुण्यांत. एजे म्हणाल्या, आज नको –

दुपार
आईला तीन नंबर मिळाला. इंजिनिअरची आई म्हणून, रांग मोडून. जाऊ नकोस म्हणाले. का, म्हणाली. टॉवेल मीच हातात दिला. ती गेली.
तोंडाने जमत नाही म्हणून लिहितेय. बाहेर आली की ही वहीच तिच्या हातात देईन. आई, मी खोटी सही केली. पाणी जिवंत नाही, मी –
फळीपलीकडे गातेय. माझ्या पाळण्याचं गाणं. म्हणते, मिस्काल, गुण येतोय गं, पार कंबरेपर्यंत –
मेन स्विच हाताच्या अंतरावर आहे. बंद केला तर सगळे धावत येतील. विचारतील. एवढं वाक्य संपवते आणि –
दिवा मिचमिचला.
गातेय अजून. गातेय, म्हणजे ठीक –
पुन्हा.
पांढरा – आई, पाण्यातून – मी उठ –
गाणं