ब्रसेल्सच्या बुद्धाचा डावा कान

प्रिय निर्मलाताई,
सप्रेम जय भीम.

कान पडला. बुद्धाचा. डावा.

मागच्या रविवारी तुमच्या घरी वंदनेला सगळे जमणार होते, म्हणून ऋचाने आपण ब्रसेल्सहून आणलेलं बुद्धाचं शीर किचन सिंकमध्ये ठेवलं आणि गरम पाण्याखाली ब्रशने घासायला घेतलं. तुमचीच लेक! हलक्या हाताने काही करणं तिला ठाऊकच नाही. कान सुटून तिच्या हातात आला. "ओ माय गॉड काकू, आय ब्रोक मॉम्स बुद्धा!"

मी शेजारीच कोथिंबीर निवडत होते. पोरगी इतकी रडायला लागली की मला बोलावंच लागलं, "तू नाही तोडलास गं. मी तोडलाय. तीन वर्षांपूर्वी." लेकीला सांगून झालं आणि आईला अजून पत्ता नाही, हे काही बरं नाही. म्हणून आज लिहायला बसले.

खरं सांगू? मला त्या ट्रिपला यायचंच नव्हतं. लायब्ररीतल्या तुमच्या मैत्रिणींनी आखलेली ती 'आर्ट अँड अँटिक्स' ट्रिप. भाऊजींचा गुडघा दुखायला लागला आणि त्यांच्या जागी माझं नाव तुम्ही परस्पर घालून मोकळ्या झालात. मला फोनवर काय म्हणालात, आठवतं? "सुनंदा, तुले काय करायचं आहे? फक्त पाहाचं आहे." मी डेटा सेंटरमधली शिफ्ट बदलून घेतली, नवऱ्याला डबे करून फ्रीझ केले आणि तुमच्यासोबत फक्त पाहायला निघाले.

पाहणं एवढं अवघड असतं हे कोणी सांगितलं नव्हतं! म्युझियममध्ये तुम्ही एका चित्रासमोर उभ्या राहायचात आणि तेवढ्यात ग्रुप दोन मजले पुढे जायचा. गाइड बिचारी म्हणायची, "लेडीज, प्लीज!" तुम्ही वळून तिलाच विचारलंत, "या हाताची सावली चुकली आहे, हे तुम्ही लोकांना सांगत नाही का?" नागपुरात अकरा वर्षं ड्रॉइंग शिकवलेली बाई! ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून तुमच्याकडे बघूनच बोलायची, बरोबर आहे ना, असं.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. मासे साफ करणाऱ्या एका म्हातारीचं चित्र होतं. तुम्ही मला हाक मारलीत, "सुनंदा, ये ना, हिचे हात पाहा. आपल्या आत्याबाईंचे हात!" आणि मी बाकावरूनच म्हटलं, "पाय दुखतात हो ताई. फोटो काढून घ्या." आपल्या सासूबाईंचे हात कसे होते, ते आज मला आठवत नाही. उठले असते तर काय बिघडलं असतं?

आणि मग ते जुन्या वस्तूंचं दुकान! बुद्धाचं शीर जमिनीवर ठेवलेलं, दार मिटू नये म्हणून दाराला लावलेलं. तुम्ही दारातच थांबलात. मागून येणारी आपल्या ग्रुपमधली डॉरथी आजी तुमच्यावर आदळली, तिच्यावर मी.

"हे इथं काऊन ठेवलं आहे?" हे मला. मग दुकानदाराला इंग्रजीत, "सर, हे दाराला का लावलंय?"

गळ्यात मफलर गुंडाळलेला तो म्हातारा खूश होऊन म्हणाला, "व्हेरी ओल्ड, मादाम! फ्रॉम इंडिया!"

तुम्ही खाली बसलात. हनुवटीखाली अंगठा फिरवलात. "सर, ही साच्याची रेघ आहे. हे सिमेंट आहे. माझी मुलगी याच्यापेक्षा जुनी असेल."

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं, आता निघू. तर तुम्ही म्हणालात, "पॅक करा."

"ताई! सिमेंट आहे ना?"

"सिमेंटचा असला म्हणून काय झालं? बुद्धाले पायापाशी ठेवून जाऊ का मी?"

हे पटलं मला. पण ताई, ते शीर माझ्याच बॅगेत का? तुमची बॅग पुस्तकांनी भरली होती, कबूल. माझ्या बॅगेत आपल्या अख्ख्या अ‍ॅशबर्न गावाला वाटायची चॉकलेटं होती! तुम्ही ती उचलून हॉटेलच्या सफाईवाल्या बाईंना देऊन टाकलीत, वर मला म्हणालात, "दान झालं तुझ्या हातून." माझ्या हातून कुठे? तुमच्या!

तर, निघायच्या दिवशी सकाळी तुम्ही खाली नाश्त्याला गेला होतात. लिफ्ट बंद. मी ती बॅग घेऊन जिना उतरत होते. तिसऱ्या पायरीवर हात सटकला. बॅग एकेक पायरी मोजत खाली गेली. उघडून पाहते तर चेहरा शाबूत, केस शाबूत, डावा कान तुमच्या स्वेटरच्या बाहीत.

डॉरथी आजी तिथूनच येत होती. तिने कान पाहिला, मला पाहिलं आणि पर्समधून कवळी बसवायची पेस्ट काढली. आम्ही दोघींनी जिन्यात बसून भगवंताला कान लावला. पुदिन्याचा वास येत होता. "हनी, माझे दात यावरच टिकलेत," ती म्हणाली. माझा विश्वास बसला.

इथे अमेरिकेत परतल्यावर विमानतळावर अधिकाऱ्याने बॅग उघडून विचारलं, "अँटिक आहे का?" तुम्ही म्हणालात, "नो. सिमेंट. पण जरा आदराने धरा." त्याने खरंच दोन्ही हातांनी धरलं! मी मात्र डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर तीन वर्षं तुमच्या घरी आले की मी आधी कान बघायचे. तुम्ही ते शीर डावी बाजू भिंतीकडे करून ठेवलेलं. पाहुण्यांना सांगायचात, "उजवीकडून उजेड चांगला पडतो." मला वाटायचं, काय ही कलेची दृष्टी! आणि माझं नशीब!

रविवारी ऋचाला हे सगळं सांगत होते तेव्हा भाऊजी मागे येऊन उभे होते. म्हणाले, "सुनंदा, तुझी ती पेस्ट आठवडाभर टिकली नाही."

"म्हणजे?"

"कान पडला होता. निर्मलाने गॅरेजमधला ग्लू आणून बसवला, बाजू भिंतीकडे केली. मला दम दिला, सुनंदाला बोललात तर पाहा. फार जिवाला लावून घेते ती."

ताई! हे काय वागणं झालं? तीन वर्षं मी घाबरत चहा प्यायले तुमच्याकडे, आणि तुम्ही समोर बसून "बिस्किट घे ना" म्हणत होतात? एकदा तरी सांगायचं! हसलो असतो दोघी. ऋचा तर सिंकला टेकून हसत सुटली, भाऊजीही हसले. तुम्ही थंडीत आम्हाला सोडून गेल्यापासून पहिल्यांदा हसले ते. मीच तेवढी रडले. हातात कोथिंबीर घेऊन.

कान आता ऋचाकडे आहे. बसवायचा नाही, म्हणाली. वंदना तशीच झाली, उजेडात, डावी बाजू समोर ठेवून.

आणि एक. तुमचा शनिवारचा ड्रॉइंगचा क्लास बंद पडला होता. मुलांच्या आया विचारत होत्या. बेसमेंटमध्ये रंग वाळत चाललेत, म्हणून परवा मीच घेतला. मी! शाळेत मला फक्त आंबा यायचा. आंबाच काढला फळ्यावर. पहिल्या रांगेतल्या सहा वर्षांच्या तन्वीने हात वर केला, "सुनंदा आजी, इज दॅट अ पोटॅटो?"

मी म्हटलं, "हो."

मग सगळ्यांनी बटाटे काढले. मी प्रत्येकाजवळ जाऊन उभी राहिले, घाई न करता. सावल्या सगळ्यांच्या चुकल्या होत्या, पण ते मला कळलं! ताई, वचन देते, क्लास बंद पडू देणार नाही. या शनिवारीही घेईन, पुढच्याही. त्यांना कधीतरी आंबा येईल. मलाही.

तुमची धाकटी जाऊ,
सुनंदा