कव्हर उचलून बघ

सुवर्णा,

मी दौंडला चाललोय, जेवायला थांबू नकोस. उन्हानं रंग उडून गाडीची किंमत पडंल म्हणून तुझ्या नवऱ्यानं कव्हर घातलं, आन् "आबा, हात लावायचा न्हाई" म्हणून सकाळीच कारखान्याच्या मीटिंगला गेला. तेबी इस्त्रीचा फेटा घेऊन!

मघाशी कोंबडी बॉनेटवर बसली, तर बॉनेट गादीवानी दबलं. कव्हर उचलून बघतो तर खाली कडब्याच्या पेंढ्या! आज दौंडात त्याच्या दोस्ताचं लग्न हाय. नवरदेव आपल्याच गाडीत मिरवत असणार.

बिबट्याला मी चहा पाजला ती थाप होती, ही न्हाई. गाडी ओरखडा न पडता सापडली तर आणतो. न्हाईतर उद्या गाडी बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणावं, येताना कडबा खायला बैल घेऊन या.

आबा