उस्तादांनी मेलेलं ठरवलेलं घड्याळ

मंगळवार, दिवेलागण

राजूरच्या काकूंचं विजेवरचं जुनं घड्याळ आज दुकानात उस्तादांनी प्लग लावून बघितलं आन् उघडलं. लगेच म्हणले, "कॉइल जळाली रे. असली आता कुठं मिळती? काकूला सांग, गेलं. डबा इथंच सोड, स्क्रू तरी कामी येतील."

पण मी हात लावल्ता. कॉइल कोमट होती. जळाली असती तर करंटच गेला नसता, मंग कोमट कशी? का मीच उगा शंका घेऊन राह्यलो?

वडीगोद्रीच्या हॉटेलवाल्याच्या घड्याळाला हीच कॉइल पाहिजे. तिच्यासाठी उस्तादांनी मला आख्खा जिल्हा हिंडवला. हिंडायला आपल्याला आवडतंच, कुंभार पिंपळगावच्या बाजारात तर मी कॉइल सोडून भजेच... असो.

उस्ताद चहाला गेल्ते तेवढ्यात घड्याळ पिशवीत घातलं. खोलीवर प्लग लावला. काटा हलंना, पण कॉइल पुन्हा कोमट. ही घड्याळं लाइट जाऊन परत आली तरी आपोआप सुरू होत न्हाईत, मागची घुंडी फिरवून ढकलावी लागतात. फिरवली. सेकंदकाटा निघाला, पण उलटा! घुंडी दुसऱ्या बाजूनं फिरवली. आता बराबर.

घुंडीचं उस्तादांनीच तर मला शिकवलं. ते विसरले? बिलकुल पटत न्हाई.

आत्ता त्यांचा फोन आल्ता. "काकूचं घड्याळ कुठंय रे?"

"भंगारात घातलं, उस्ताद. मेलंच होतं ना."

मंग म्हणले, "कोणत्या भंगारवाल्याकडं? जल्दी सांग, मी निघालोच."