घर, आतल्या सामानासह

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटार चालवायला शिकवणे, राहणार स्वतःच्या घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलाने थोडा आणून पाहिला, पण तो मी हे लिहू नये म्हणून. "आई, चांगली धडधाकट आहेस, आत्ताच कशाला हे अभद्र?" असे तो म्हणाला. धडधाकट आहे म्हणूनच. अंथरुणाला खिळल्यावर लिहिले असते तर अक्षर वाचता येत नाही म्हणून भांडला असतास.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात माझ्या स्थावर-जंगम मालमत्तेची व्यवस्था पुढे लिहिल्याप्रमाणे व्हावी.

कलम १. घर आणि कारखाना

हे घर मी आणि माझ्या यजमानांनी बँकेच्या कर्जावर घेतले. वर खोल्या, खाली यजमानांचा कारखाना, त्याला लागून गाडीची शेड. यजमान सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड लावण्याचे काम करीत. त्यांच्या हातची बैठक दबत नसे. कर्ज देताना बँकेच्या साहेबांनी घराचा विमा सक्तीचा आहे असे सांगितले, तो आम्ही मुकाट्याने काढला. माझ्या शिकवणीच्या गाडीचा विमा कायद्याने सक्तीचा, तोही काढला. आणखी काही घ्यावे का, असे मी घरात विचारले होते. त्यावर माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, जेवढं सक्तीचं तेवढं घ्या. बाकी सगळं कंपन्यांचं पोट भरायचं." यजमानांनी मान डोलावली आणि विषय मिटला.

एका दुपारी यजमान जेवायला वर आलेले असताना कारखान्यातल्या जुन्या वायरिंगने पेट घेतला. फोम किती झटकन जळतो हे मला तोवर माहीत नव्हते. आम्ही सगळे मागच्या जिन्याने बाहेर पडलो, कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. पण खाली शिलाई मशीन, कापडाचे तागे, गिऱ्हाइकांच्या खुर्च्या आणि शेडमधली माझी गाडी यांची राख झाली. मी रस्त्यात अनवाणी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "काही नाही, विमा आहे आमचा."

दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीच्या होत्या. नुकसान बघायला कंपनीकडून सर्व्हेअर बाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. जळक्या खोल्यांतून फिरल्या, फोटो काढले, आणि मग विटांच्या ढिगावर वर्तमानपत्र अंथरून मला बसवले. तेव्हाच मला कळले की आता वाईट ऐकायचे आहे.

"बाई, घराचा हा विमा बँकेने तिचं कर्ज सुरक्षित राहावं म्हणून मागितला होता. यात भिंती, छप्पर, दारं-खिडक्या येतात. आतलं सामान येत नाही."

"मशीनसुद्धा नाही?"

"मशीन सामानातच धरतात."

"बरं, आणि गाडी?"

"तुमचा विमा थर्ड पार्टीचा आहे. तुमच्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली, दुसऱ्याचं नुकसान झालं, तर कंपनी भरून देते. तुमचीच गाडी जळली तर त्यात काही मिळत नाही."

"पण सक्तीचं म्हणून जे जे सांगितलं ते सगळं आम्ही केलं होतं हो."

"केलंतच," त्या म्हणाल्या. "कायदा दुसऱ्याची काळजी घ्यायला लावतो. बँक स्वतःची घेते. तुमची तेवढी राहून गेली."

हे त्या टोचून बोलल्या नाहीत, म्हणूनच माझ्या डोक्यात बसले. आणि खोटे कशाला लिहू, त्या सक्तीच्या विम्यातूनच भिंती दुरुस्त झाल्या आणि छत उभे राहिले. नवा रंग लागला. आत मात्र रिकामे. यजमान रोज सकाळी खाली जात, मधोमध स्टूल टाकून बसत आणि जेवायच्या वेळी वर येत. कोणाशी बोलत नसत. मी ओळखीच्यांना त्यांच्याच गाड्यांवर शिकवून घर चालवत होते, आणि संध्याकाळी घरी यायची मला भीती वाटायला लागली होती.

त्या दिवसांत सून नवीन आली होती. तिने माळ्यावरून तिच्या माहेरची एक पाय हलणारी खुर्ची काढली, खाली नेली आणि यजमानांच्या समोर ठेवली.

"बाबा, हिचं कापड बदलायचंय. कसं करायचं?"

"टाकून दे," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी पहिला शब्द.

"टाकायची असती तर माळ्यावरच राहू दिली असती. सांगा ना, आधी काय काढू?"

तिने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि मुद्दाम की चुकून ते देव जाणे, भलत्याच बाजूने खिळे उचकटायला लागली. यजमानांना ते बघवेना. "अगं लाकूड फाडशील! आण इकडे." मी जिन्यात उभी होते. पदर तोंडात धरून तिथेच बसले. वर्षभरात दोघांनी मिळून जुने मशीन घेतले, आणि यजमान गेले तेव्हा कारखान्यात तीन माणसे कामाला होती. त्यांच्यामागे घर आणि कारखाना माझ्या एकटीच्या नावावर झाला.

म्हणून कारखाना, त्यातली मशीन, कात्र्या, हातोड्या आणि खालची जागा मी माझ्या सुनेला देत आहे. तिच्या एकटीच्या नावावर. मुलाने यात नाक खुपसू नये. मला मुले दोनच. वरचा मजला मुलगा आणि त्याची थोरली बहीण यांचा निम्मा-निम्मा. थोरली परगावी असते, तरी तिची खोली अडगळीने भरू नये.

अट एकच. कर्ज केव्हाच फिटले आहे, त्यामुळे घराचा विमा काढा असे आता तुम्हाला कोणी सांगणार नाही. तो तुम्ही आपणहून चालू ठेवायचा आहे. रक्कम लिहिताना घर विकले तर काय येईल हे बघू नका, पडले तर पुन्हा बांधायला काय लागेल ते बघा. आतल्या सामानासह घ्या. खाली कारखाना चालतो हे लपवू नका, नुसते राहते घर म्हणून लिहिलेत तर ऐन वेळी हात चोळत बसाल. आणि सही करण्याआधी काय मिळणार नाही ते पान वाचा. ते शेवटी असते आणि बारीक अक्षरात असते. सुनेने मोठ्याने वाचावे, मुलाने ऐकावे. उलटे केले तर तो मधली पाने गाळील.

कलम २. गाडी

आगीनंतर दुसरी गाडी घेतली तेव्हा एजंट म्हणाला, "बाई, घरगुती वापर लिहू या, हप्ता कमी बसेल."

"आणि मी दिवसभर शिकवते ते काय?"

"ते कोण बघायला येतंय?"

मी त्याला चहा पाजला आणि शिकवणीची गाडी असेच लिहायला लावले. माझ्या गाडीच्या नुकसानीचा विमाही घेतला. मैत्रिणी म्हणाल्या, दुधाने तोंड पोळलंय हिचं. असेल.

पुढे एका शिकाऊ बाईंनी वळणावर ब्रेकऐवजी दुसरेच पेडल दाबले. माझ्या बाजूचा ब्रेक मी मारला, पण सायकलवरून पाव पोचवणारा एक माणूस तोवर खाली पडला होता. पाय मोडला. सगळा रस्ता पावांनी भरला होता आणि तो कळवळत ओरडत होता, "माझे पाव उचला आधी!"

त्याची बायको दवाखान्यात माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. साहजिक होते. पण कागदावर शिकवणी लिहिलेली असल्यामुळे कंपनीला आडवे जायला जागा राहिली नाही. खेटे घालावे लागले, पण पायाचे ऑपरेशन आणि बुडालेली मजुरी, दोन्ही भरून मिळाले. त्या सक्तीच्या विम्याला मी इतकी वर्षे मनात नावे ठेवत होते, तो कशासाठी असतो ते मला त्या वॉर्डात समजले. माझी ऐपत कमी पडली असती म्हणून त्या माणसाने जन्मभर लंगडायचे का?

बरा झाल्यावर तो आमच्या दारात आला. मला वाटले, भांडायला. म्हणाला, "बाई, मला गाडी शिकवा. सायकलचा आता बायकोने धसका घेतलाय." शिकवली. आज त्याच्या दोन व्हॅन आहेत आणि त्याच्या बायकोचे व माझे मुलांपेक्षा जास्त फोन होतात.

गाडी मी थोरलीला देत आहे. मुलाला मीच शिकवले, तरी तो कुत्रे मागे लागल्यासारखी चालवतो.

मात्र ध्यानात ठेवा: माझ्या नावाचा विमा मी गेल्यावर आपोआप तुमच्या नावावर होत नाही. गाडी आणि विमा दोन्ही थोरलीच्या नावावर होईपर्यंत गाडी शेडमधून बाहेर काढायची नाही. मला शेवटचे पोचवायलासुद्धा नाही. त्यासाठी पाववाल्यांची व्हॅन सांगून ठेवली आहे. ते "काहीतरीच काय बोलता" म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत.

कलम ३. ठेव

बँकेतील ठेव मुलगा आणि मुलगी यांना सारखी. ठेवीवर नॉमिनी म्हणून मुलाचे नाव आहे. त्याचा अर्थ ती त्याची झाली असा होत नाही. पैसे ताब्यात घ्यायचे आणि इथे लिहिल्याप्रमाणे बहिणीला द्यायचे, एवढेच ते काम. हे त्याला ठाऊक आहे. तरी लिहिले.

कलम ४. धाकटे दीर

आगीनंतर मला कळले की आम्हाला सक्तीपुरते घ्या म्हणून सांगणाऱ्या भाऊजींच्या स्वतःच्या घराला मात्र सामानासकट सगळा विमा होता. मी त्यांच्याशी बोलणे टाकले. दिवाळखोर केलेत आम्हाला, असे चारचौघांत म्हटले. शेवटी एकदा ते दारातच अडून उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, शपथेवर सांगतो, पॉलिसी एजंटाने केली, मी नुसती सही ठोकली. माझ्या घराला काय काय आहे ते मला तुमची आग बघून कळलं."

मला इतके हसू आले की रागाचे काही जमेना. तरी पुढची दोन वर्षे मी त्यांना चहात साखर कमीच घातली. भाऊजींना मी यजमानांचा कोट देते. त्यांना तो नेहमीच हवा होता. आणि त्यांची पॉलिसी त्यांनी एकदा तरी स्वतः वाचावी, ही विनंती.

कलम ५. अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पाववाल्यांनी करावी. त्यांना मी काही ठेवलेले नाही, कारण ते साक्षीदारही आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलबाईंनी सांगितले. ते म्हणाले, "चालेल, भांडण तरी माझ्यावरून होणार नाही."

शेवटचे. मी गेले त्या दिवशी खुशाल रडा. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सुनेने कारखान्याचे शटर वर करावे. कोणाची तरी खुर्ची अर्धी शिवून राहिली असेल, आणि त्यांच्या घरी पाहुणे यायचे असतील.

सर्व मजकूर मी लिहिला, मी वाचला, आणि तो मला मान्य आहे.

सही: (मोटार शिकवणाऱ्या बाई)

साक्षीदार, आमच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत:
१. सही: (पाववाले)
२. सही: (फॅमिली डॉक्टर. बाईंचे मन आणि स्मरणशक्ती उत्तम असल्याचे तपासून लिहिले. रक्तदाब थोडा जास्त.)

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
तारीख: मार्चचा पहिला सोमवार, चालू वर्ष